कपावर ठेवलेला हात

तळघराचा जिना उतरताना वळणावर तोच वास आला. उकळलेली कॉफी, ओली लोकर, वेलदोडा आणि वर्षानुवर्षं पुसलेल्या जमिनीला येतो तसा साबणाचा हलका वास. मी आईचा दंड धरला होता. ती मधेच थांबली. मला वाटलं गुडघ्यांमुळे थांबली असेल. पण तिने डोळे मिटून मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "आहे गं अजून."

मिनेसोटातल्या एका तळ्याकाठच्या लहानशा गावातलं हे चर्च. गाव स्वीडनहून आलेल्या माणसांनी वसवलेलं. वेशीवर लाल रंगवलेला लाकडी घोडा, घरांची दारं निळी, आणि दफनभूमीतली निम्मी आडनावं एकसारखी. मी नऊ वर्षांची असताना आम्ही कराडहून थेट इथे येऊन पडलो. बाबांना इथल्या कारखान्यात नोकरी होती. पुढे मी शिकायला बाहेर गेले, काही वर्षांनी आईबाबा माझ्याकडे दक्षिणेत अल्फारेटाला राहायला आले, आणि बाबा तिथेच गेले. आता चर्च बंद होणार आहे, कारण यायला माणसंच उरली नाहीत. "शनिवारी शेवटची कॉफी आहे, आईला घेऊन ये," असा कॅरिनचा फोन आला. कॅरिन म्हणजे आईच्या इथल्या मैत्रिणीची, एल्नामावशीची मुलगी.

मी फोनवर जरा कां कूं केलं. या तळघरात आईची एक खुर्ची होती, हक्काची. पुढे ती खुर्ची गेली. कुणी भांडलं नाही, कुणी वाकडा शब्द बोललं नाही, तरी गेली, आणि का गेली हे आईला कधीच कळलं नाही. ती त्याबद्दल चकार शब्द काढत नसे, पण विसरलेली नव्हती. अशा ठिकाणी तिला पुन्हा न्यावं का, या विचारात मी होते. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिकिटं काढ."

पहिला हिवाळा मला आवाजांनी आठवतो. तळं गोठताना ओरडतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बर्फ जाड व्हायला लागला की आतून लांबच लांब हुंकार यायचा, कधी बंदूक उडाल्यासारखा कडाड आवाज व्हायचा. आई दचकून उठायची आणि बाबांना म्हणायची, "अहो, घराखाली काहीतरी आहे." बाबा म्हणायचे, "घराखाली तळघर आहे, त्यात तुझ्या बॅगा आहेत, झोप." पण त्यांनाही आवाज कशाचा ते ठाऊक नव्हतं.

दिवसा बाबा कारखान्यात, मी शाळेत. आई घरात एकटी. शेजार होता, पण त्या गावातली माणसं फार सभ्य होती. सभ्य म्हणजे लांबून हात हलवणारी. कुणी कुणाच्या घरात डोकावत नसे आणि कुणी कुणाला काही विचारत नसे. कराडला आमच्या आळीत दार लोटलेलं दिसलं तरी लोक चौकशीला यायचे. इथे आईने दार सताड उघडं ठेवलं असतं तर फक्त घर गार झालं असतं. मी शाळेतून यायची तेव्हा ती खिडकीशी उभी असायची, आणि मला पाहिल्यावर तिच्या तोंडून त्या दिवसाचा पहिला शब्द निघायचा. बहुतेक वेळा तो शब्द 'कानटोपी' हा असायचा.

एक दिवस ती टपालपेटीपर्यंत म्हणून निघाली आणि चालत राहिली. पायात चुकीचे बूट, अंगात बाबांचा जाडजूड कोट. चर्चवरून जाताना तिला वेलदोड्याचा वास आला. "मला वाटलं, कुणीतरी लाडू करतंय," असं ती पुढे कितीतरी वर्षं सांगायची. चर्चच्या मागच्या बाजूला एक बुटकं दार होतं. ती त्याच्यासमोर नुसती उभी राहिली. दार उघडलं ते एल्नामावशीने. उंच, हाडापेराने मजबूत, पिठाने माखलेले हात. बर्फात उभ्या असलेल्या या साडीवाल्या बाईला तिने काय म्हणावं? "आत ये आधी, सगळी ऊब बाहेर चाललीय."

आत बायका गोधड्या करत होत्या. दर बुधवारी करायच्या. दूरदेशीच्या गरजूंना पाठवायला जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून, आत अस्तर घालून, लाकडी चौकटीवर ताणून, जागोजागी लोकरीच्या गाठी मारायच्या. मधे वेलदोड्याचा गोड पाव भाजत असायचा, त्याचाच तो वास. आईने त्या गाठी पाहिल्या आणि तिला राहवेना. गोधडीला कुणी गाठी मारतं का? तिने खुणेने सुई मागितली आणि कडेपासून धावदोरा घालायला बसली. तिचा टाका बारीक आणि सरळ होता, माझ्या आजीने मारूनमुटकून शिकवलेला. बायका थोडा वेळ बघत राहिल्या. मग एल्नामावशी उठली, एक खुर्ची ओढत आणली आणि आपल्या शेजारी ठेवली. पुढची बारा-तेरा वर्षं ती खुर्ची तिथेच राहिली.

कराडला ही बातमी पोचली तेव्हा आजीने फोनवर आकांत मांडला. "चर्चात जातेस? नावबिव बदलून टाकतील गं!" आई ओरडून सांगायची, "गोधडी शिवते मी, आई, गोधडी!" बाबा तर दर बुधवारी संध्याकाळी घरात शिरता शिरताच विचारायचे, "काय मग, आज तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारायची?" आई चिडायची नाही. त्या हिवाळ्यात ती पुन्हा चिडायला, हसायला, गुणगुणायला लागली होती, आणि बाबांना तेवढंच हवं होतं.

मला सुट्टी असली की मीही तळघरात जायची. रेडिएटरवर वाळत घातलेल्या हातमोज्यांची रांग आठवते. हिरव्या काठाचे जाड पांढरे कप आठवतात. कॉफी करायची त्यांची तऱ्हा जगावेगळी होती. कॉफीच्या पुडीत अख्खं अंडं, टरफलासकट चुरून कालवायचं आणि ते उकळत्या पाण्यात सोडायचं. वर कढ येऊन गाळ खाली बसला की सोनेरी, नितळ कॉफी निघायची. आम्हाला अंड्यामटणाचं वावडं नव्हतं, पण कॉफीत अंडं? आईने पहिला घोट नाक दाबून घेतला. दुसऱ्या घोटाला तिचा चेहरा बदलला. महिन्याभरात ती घरी बाबांना सांगत होती, "तुमच्या ऑफिसातली कॉफी म्हणजे नुसतं पाणी."

विमानात बसायच्या आधी मुंबईला बाबांनी तिला एकच गोष्ट बजावली होती. तिथे चारचौघांत चहा बशीत ओतून प्यायचा नाही, लोक हसतील. आईने बिचारीने ते पाळलं, जीभ भाजून घेतली. आणि एका बुधवारी टेबलाच्या टोकाला बसणाऱ्या, सगळ्यांत म्हाताऱ्या सिग्नेआजीने साखरेचा खडा दातांत धरला, कॉफी बशीत ओतली आणि दोन्ही हातांनी बशी उचलून फुर्र करून प्यायली. जुने स्वीडिश लोक तसंच पितात, एल्नामावशी म्हणाली. आई हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. काय झालं हे कुणी विचारलं नाही. एल्नामावशीने फक्त आईच्या कपाखालची बशी तिच्यासमोर सरकवली.

कप रिकामा झाला की तिथे कुणी 'हवी का' म्हणून विचारत नसे, ओततच असत. दुसऱ्या कपाला त्यांच्यात खास नाव होतं, पोतोर. नको असेल तर कपावर पालथा हात ठेवायचा, एवढाच एक मार्ग. पण हात ठेवताना मी क्वचितच कुणाला पाहिलं. कॉफीला नाही म्हणणं म्हणजे जवळजवळ माणसांनाच नाही म्हणणं होतं.

उन्हाळ्यात सगळं गाव तळ्यात असायचं आणि आई तळ्यावर पापड वाळवायची. खरंच. आमच्या घरामागे पाण्यात गेलेला लाकडी धक्का होता, त्याच्यावर दिवसभर ऊन. आई जुन्या चादरी पसरून त्यांवर उडदाचे पापड घालायची, आणि एल्नामावशी गवती टोपी घालून, हातात होडीचं वल्हं घेऊन बदकांना हाकलत बसायची. दोघींचं बोलणं म्हणजे निम्मी इंग्रजी, निम्म्या खुणा. एल्नामावशीच्या तोंडी 'मावशी' हा शब्द बसला होता. आईनेच मला तशी हाक मारायला शिकवलं आणि एल्नामावशी गावभर सांगायची, "मी या पोरीची मावशी आहे." रात्री नऊ वाजले तरी उजेड असायचा. पाण्याला शेवाळ्याचा आणि लाकडाला डांबराचा वास यायचा, आणि आईच्या हाताला हिंगाचा.

कुणाकडून काही खायला आलं की त्या भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर घरधनिणीचं नाव असायचं. आई भांडं रिकामं कसं परत देणार? काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालून द्यायची. सुरुवातीला बायका गोंधळल्या. ती साखर काय करायची, कुणाला कळेना. पुढे पुढे गावातल्या बायकाही एकमेकींची भांडी साखर घालून परत करायला लागल्या. आई हे सांगताना अजूनही थोडी ताठ बसते.

डिसेंबरातल्या एका काळोख्या सकाळी पांढऱ्या झग्यातल्या मुली डोक्यावर मेणबत्त्या घेऊन चर्चमध्ये गात यायच्या. मी मागच्या रांगेत, हातात कागदाची चांदणी घेऊन. अंधारात लवकर उठणं, अंघोळ, नवे कपडे, पावातल्या केशराचा वास. आई म्हणायची, दिवाळीच्या पहाटेसारखं वाटतं. ती पहिल्या बाकावर बसायची, एल्नामावशीच्या शेजारी, आणि मी गाणं चुकले की दोघी एकदमच कपाळाला हात लावायच्या. त्या बाकावर बसलेल्या त्या दोघी मला आजही हव्या आहेत. दुसरं काही नको, तेवढ्याच.

एल्नामावशी गेली तेव्हा मी कॉलेजात होते. फेब्रुवारी होता. बाबांनी फोनवर सांगितलं की चर्चमध्ये सगळं झालं, पण पुरलं नाही, कारण जमीन दगडासारखी गोठली आहे. वसंतात बर्फ वितळला की मग. तोवर शवपेटी दफनभूमीजवळच्या दगडी खोलीत ठेवणार. तिथे पूर्वापार तसंच चालत आलं होतं, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. आईला मात्र ते सहन होईना. दहावा नाही, तेरावा नाही, साधी मातीही नाही. "ती तिथे थंडीत नुसती थांबलीय," एवढंच ती म्हणायची. तिला काहीतरी करायचं होतं आणि त्या गावात तिच्यासाठी करण्यासारखं काही नव्हतं.

मग तिने आमच्याकडे करतात तेच केलं. जवळचं माणूस गेलं की त्याच्या नावाने एखादी आवडीची गोष्ट सोडतात. माझ्या आजीने आजोबांच्या नावाने पेरू सोडला होता. बाबा फोनवर हळूच म्हणाले, "तुझ्या आईने कॉफी सोडली. एल्नाच्या नावाने." मी तिला काही विचारलं नाही. सोडलेल्या गोष्टीचा डांगोरा पिटायचा नसतो, हे मलाही ठाऊक होतं.

एल्नामावशीच्या प्रार्थनेच्या दिवशीच ते सुरू झालं. नंतर तळघरात जेवण होतं. कॅरिन स्वतः किटली घेऊन सगळ्यांच्या कपात ओतत आली, आणि आईने कपावर हात ठेवला. पुढच्या बुधवारीही ठेवला. त्याच्या पुढच्याही. ती जायची, धावदोरा घालायची, समोरचा कप कोरडाच राहायचा. हळूहळू टेबलावरचं बोलणं तिच्यापाशी येऊन थांबायला लागलं. मग "या बुधवारी येतेस ना" असे फोन बंद झाले. एकदा ती गेली तर तिच्या खुर्चीत दुसरीच बाई बसली होती. आईला पाहून ती घाईघाईने उठली, पण आई म्हणाली, "बसा, बसा," आणि भिंतीशी बसली. त्यानंतर तिने जाणं सोडून दिलं. बाबांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "एल्नामुळे मला धरून होत्या. ती गेली, आता माझं काय काम?" घर पुन्हा पहिल्या हिवाळ्यासारखं झालं. सुट्टीला मी आले की ती खिडकीशी उभी असायची.

हे सगळं डोक्यात घेऊन मी परवा तिला तळघरात नेलं. टेबल एकच मांडलं होतं, आणि तेही भरलं नव्हतं. कॅरिन आता आईपेक्षाही थकलेली दिसते. बुधवारच्या बायकांपैकी उरलेली डोरिस व्हीलचेअरमध्ये होती, गळ्याशी पिन लावलेली शाल. आणखी काही माणसं होती, पण ती नंतरची, आम्हाला न ओळखणारी. कॅरिनने आईला मिठी मारली, बसवलं, आणि थोड्या वेळाने किटली घेऊन आली. ती ओतणार एवढ्यात आईचा हात कपावर गेला.

किटली तशीच राहिली. कॅरिन म्हणाली, "अजूनही?"

आई कसनुशी हसली. "नो, थँक यू."

कॅरिनने किटली खाली ठेवली. त्या गावात कुणी कुणाला काही विचारत नाही, आणि तिच्या तोंडून ते निघायला किती जड गेलं हे मला दिसत होतं. "मला एकदा विचारायचंय. आमचं काय चुकलं होतं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला इंग्रजी कळतं, तरी तिने विचारलं, "काय म्हणतेय ही?"

मी सांगायच्या आत डोरिस बोलायला लागली. "माझीच चूक. एल्नाच्या प्रार्थनेच्या दिवशी पहिले बाक नातेवाइकांना ठेवले होते. मी तुला मागे बसवलं. तू एल्नाच्या शेजारी बसणारी, आणि मी तुला पार मागे पाठवलं. त्याच दुपारी तू कॉफी नाकारलीस. तेव्हाच आम्हाला कळलं की तू दुखावलीस."

"कोणता बाक?" आई मला म्हणाली. "मला तर काही आठवत नाही गं. मी कुठे बसले होते?"

मग तिने स्वतःच सांगितलं, तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. एल्ना गेली, म्हणून मी कॉफी सोडली. आमच्यात करतात. आवडीची गोष्ट सोडायची, म्हणजे रोज आठवण राहते. अडलं तिथे मी शब्द पुरवले. कॅरिन ऐकता ऐकता खुर्चीवर बसली.

"आईसाठी?" तिने विचारलं. "इतकी वर्षं?"

"हो. रोज सकाळी वास येतो, मग ती येते."

कॅरिनने तोंडावर रुमाल धरला. डोरिस मान हलवत राहिली. "आम्हाला वाटलं, तुला आमचं तोंड बघायचं नाही. म्हणून आम्ही मधेमधे केलं नाही. व्हर्ना तर शेवटपर्यंत म्हणायची, एकदा तिला विचारायला हवं होतं. हॉस्पिटलातसुद्धा म्हणाली. पण आम्ही कुणीच विचारलं नाही."

 आईने डोरिसचा हात दोन्ही हातांत घेतला आणि निघेपर्यंत सोडला नाही.

गाडीत बसल्यावर मी तिचा पट्टा लावत होते. ती समोर बघत म्हणाली, "म्हणजे मी त्यांना नकोशी झाले नव्हते."

"नाही, आई."

"त्या वाट बघत होत्या."

 मला त्या सगळ्यांचा राग आला, त्यांच्या सभ्यपणाचा आला, आईच्या न सांगण्याचा आला, आणि कुणावर तो काढावा असं तिथे कुणीच नव्हतं. इंजिन सुरू केलं तेव्हा ती म्हणाली, "दफनभूमीत ने मला."

दफनभूमी तळ्याच्या उतारावर आहे. ऑक्टोबरातलं ऊन होतं, बर्चची पिवळी पानं सगळीकडे पडलेली. एल्नामावशीची जागा मला ठाऊक होती, मी आईला तिकडे न्यायला लागले. तिने दंड सोडवून घेतला.

"तिला काय सांगायचं? तिला माहीत आहे," ती म्हणाली. "बुधवारच्या बाकीच्या कुठे आहेत ते बघ."

मग मी पुढे आणि ती मागे. मी दगडांवरची नावं वाचत गेले. व्हर्ना सापडली. आईला वाकता येईना, म्हणून तिने बुटाने पानं बाजूला केली आणि उभ्या उभ्याच बोलली, मराठीत, कराडच्या मराठीत, दारातून शेजारणीशी बोलतात तेवढ्या आवाजात. "व्हर्ना, राग नव्हता गं माझा." मग अर्डिस. मग मेबल, जी आईच्या खुर्चीत बसली होती. सिग्नेआजीच्या दगडाशी मी म्हणाले, "आई, या तर कितीतरी आधी गेल्या, यांना यातलं काही माहीतच नाही." आई म्हणाली, "असू दे," आणि तिलाही सांगितलं.

वारा तळ्यावरून येत होता. मी तिला शाल दिली, तिने ती घेतली नाही. "पुढचं नाव वाच," ती म्हणाली. मी वाचलं, इंगा. आई दगडासमोर येऊन उभी राहिली, डोळे पुसले, आणि नाक ओढत म्हणाली, "इंगा, राग नव्हता गं. मला वाटलं, तुम्हालाच मी नको आहे."